आपानं बांधलेली सळई

पालमचं जुनं एसटी स्टँड पाडायला घेतलं तेव्हा मला माहेरी परत येऊन वर्ष होत आलं होतं. लग्न फार टिकलं नाही. ती गोष्ट वेगळी आहे आणि इथं सांगायची नाही. आबांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं, मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती. मी बारावी पास होते, पण त्या शिक्षणाचं काय करायचं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी मेंढरांमागं जायचं, दुपारी कुणाच्या तरी रानात खुरपायला जायचं, संध्याकाळी भाकरी थापायच्या. आबा मला कधी काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत याचंच मला ओझं वाटायचं.

एक दिवस ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. पालमला नवीन स्टँड होणार आहे, त्या कामावर गरीब घरातल्या, मागास आणि अल्पसंख्याक समाजातल्या माणसांना घ्यायचं ठरलंय, बायकांनाही घ्यायचंय, आधी काम शिकवणार आणि शिकतानाही रोजची मजुरी देणार, असं सरपंच सांगत होते. पारावरचे लोक हसले. बायका तिथं काय करणार, घमेलीच उचलणार, असं एकजण म्हणाला. आबा मेंढरांचं पाणी बघत होते. मी विचारलं, जाऊ का. ते म्हणाले, "जा की. मेंढरं माझ्या ओळखीची हायेत."

पालमला स्टँडच्या मागं पत्र्याची एक लांब शेड उभी केली होती. पहिल्या दिवशी आम्ही दहाबारा बायका तिथं जमलो. बहुतेक आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या होत्या, एकमेकींच्या पदराआड उभ्या राहणाऱ्या. तेवढ्यात बुरखा घातलेली एक उंच बाई आत आली. तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं, बुरखा काढला, नीट घडी घालून खिळ्याला अडकवला आणि पिशवीतून नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट काढून साडीवर चढवला. मग बटणं लावत म्हणाली, "अशा कशाला उभ्या हाव सगळ्या? बस चुकली का तुमची?" आम्ही हसलो. तिथून पुढं आम्ही सगळ्या तिला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायला लागलो.

आपा पालमचीच. नवरा आठवडी बाजारांत भांडी विकायचा. आज सोनपेठ, उद्या मानवत, असं त्याचं चालायचं. घरी सासू आणि दोन मुली. ती आधी लोकांच्या घरी मसाला कुटायला जायची, लग्नाच्या स्वयंपाकात पुऱ्या लाटायची. तिचं तोंड फार चालायचं आणि हात त्याहून जास्त चालायचे. स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करायची तिला भारी हौस होती, आणि गंमत म्हणजे ती तारीफ बरोबरच असायची.

आम्हाला सळई बांधायला शिकवायचं होतं. छत असो, खांब असो, काँक्रीट ओतायच्या आधी लोखंडी सळयांची जाळी बांधावी लागते. सळईवर सळई जिथं येते तिथं बारीक तारेचा वेढा घालायचा आणि लोखंडी हुकानं पीळ द्यायचा. बघायला सोपं वाटतं. पीळ कमी पडला तर गाठ ढिली राहते, जास्त दिला तर तार तुटते. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांची सालटं निघाली. रात्री आई हळद लावून द्यायची आणि म्हणायची, "खुरपं काय वाईट होतं?"

शिकवणारे कारागीर बंगालकडून आलेले होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांना मराठी येत नव्हती आणि आमच्यातल्या पुष्कळ जणींना हिंदी धड येत नव्हती. आपा घरी दख्खनी बोलायची, त्यामुळं त्यांचं हिंदी बोलणं तिला लगेच कळायचं. तीच आम्हाला ते मराठीत सांगायची, आणि सांगताना त्यात स्वतःची भर घालायची. उस्ताद एक वाक्य बोलायचे, आपाचं मराठी चार वाक्यांचं व्हायचं. एकदा उस्तादांनी तिला विचारलं की मी एवढं सगळं बोललो का. ती म्हणाली की तुमच्या मनात होतं ते पण सांगितलं. म्हातारा पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

महिन्याभरात काही जणी गळाल्या. कुणाचं मूल लहान, कुणाच्या घरचे नको म्हणाले. ज्या राहिलो त्यांना कामावर घेतलं. आपा आणि मी जोडीनं बांधायचो. ती पुढं सरकत जायची, मी मागून तारा पुरवत आणि उरलेल्या गाठी मारत यायचे. मग हळूहळू मलाही वेग आला. दुपारी जेवताना ती माझ्या डब्यातली तिखट चटणी खायची आणि मी तिच्याकडची मोठी, पातळ भाकरी. आमच्या बोलण्यात घरचं कमी आणि कामाचंच जास्त असायचं. नवऱ्याला आपण जे करतो ते कळत नाही, असं ती म्हणायची, पण तक्रारीनं नाही. तो बाजारातून आला की ती त्याला ताटावर बसवून आज किती खांबांच्या सळयांभोवती रिंगा बांधून झाल्या ते सांगायची. तो मान हलवायचा आणि झोपून जायचा.

छताची जाळी बांधायला घेतली ते दिवस मला फार आठवतात. उन्हाळा होता. लोखंडाला हात लावला की चटका बसायचा म्हणून आम्ही भल्या पहाटे काम सुरू करायचो. वर गेलं की सगळं पालम दिसायचं. बाजाराच्या मैदानात बस थांबायच्या, कारण स्टँडची जागा आमच्या ताब्यात होती. खालून जाणारी माणसं मान वर करून बघायची. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात पुरुषाचा शर्ट, खाली साडीचा काष्टा, अशा बायका त्यांनी आधी पाहिल्या नव्हत्या. आपा त्यांना वरूनच हात करायची.

एक दिवस आबा तिथं आले. कशाला तरी पालमला आले होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मी खाली गेले. त्यांनी विचारलं, "ह्यातली तुझी कंची?" मी हातानं दाखवलं, तिथून तिथपर्यंत. ते म्हणाले की चांगली सरळ हाय. आबांनी माझ्या कुठल्याही गोष्टीबद्दल एवढंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. पुढं आठ दिवसांत काँक्रीट पडलं आणि ती सरळ ओळ कायमची आत गेली.

त्याच सुमाराला इंजिनिअर साहेबांनी मला शेडमध्ये बोलावलं. हजेरी घ्यायला आणि आलेल्या मालाची नोंद ठेवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. आमच्यात बारावी झालेली मी एकटीच. उद्यापासून वर जाऊ नको, इथं टेबलावर बस, असं ते म्हणाले. चांगले गृहस्थ होते. एका गरीब घरच्या मुलीचं भलं करतोय असंच त्यांना वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मला रडू आलं. वरचं काम मला नुकतं कुठं यायला लागलं होतं.

मी आपाला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, जोडी मोडली म्हणून. ती तार कापत होती. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"जा," ती म्हणाली. "सावलीत बसायला मिळालं तर बसावं माणसानं. मी काय, मला दुसरी जोडीदारीण मिळंल."

"तू पण माझ्या जागी गेली असतीस का?"

"मला कोण बोलावतंय? मला सही करता येते तेवढीच."

तिनं हे सहज म्हटलं. मी त्यावेळी त्यावर फार विचार केला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी टेबलावर बसले, आणि खरं सांगायचं तर पंख्याची सवय मला लवकर झाली.

स्टँड पूर्ण झालं. उद्घाटनाला मंडप पडला, मोठी माणसं आली, भाषणं झाली. स्थानिक गरीब लोकांना काम दिलं, भगिनींना रोजगार दिला, असं प्रत्येकजण म्हणाला. आम्हाला मागच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. आपा नवी साडी नेसून, मुलींना घेऊन आली होती. भाषणं चालू असताना ती मुलींना बोटानं छत दाखवत होती आणि पुटपुटत सांगत होती, कुठून कुठपर्यंत काम कुणाचं ते. एका मुलीनं विचारलं की अम्मी, मग तुझं दिसत का न्हाई. आपा म्हणाली, दिसलं असतं तर छत पडलं असतं.

काम संपलं तसा पुढचा प्रश्न आला. कंत्राटदाराला एका लांबच्या शहरात मेट्रोच्या खांबांचं काम मिळालं होतं. शिकलेल्या गड्यांना त्यानं तिकडं यायला सांगितलं आणि ते गेले. मला त्याच्याच परभणीच्या ऑफिसात घेतलं, त्याच नोंदी ठेवायला. बायकांचं काय, असं कुणी विचारलं नाही, कारण बायकांना घ्यायची करारातली अट या कामापुरती होती आणि हे काम संपलं होतं. बाकीच्या बायका आपापल्या वाडीवर परत गेल्या. जणू काही झालंच नव्हतं अशा शेतात उतरल्या. फक्त आपासाठी उस्ताद हटून बसले. ती माझ्या गटात पाहिजे, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब तयार झाले.

आपाच्या घरी त्यावरून बरंच झालं असणार. तिनं मला त्यातलं थोडंच सांगितलं. सासू नको म्हणत होती. नवऱ्यानं पुष्कळ दिवस काहीच म्हटलं नाही, आणि मग एका रात्री म्हणाला की जा, पोरींना माझी अम्मी सांभाळेल, मी बाजार करीन. निघायच्या दिवशी मी परभणीहून मुद्दाम पालमला आले. आम्हीच बांधलेल्या स्टँडवर ती बसमध्ये चढली. नवरा खिडकीशी उभा होता. मुली रडत होत्या. ती रडली नाही. मला म्हणाली, "बघ, मेट्रोचा खांब बांधून येते. परत आले की मला उस्ताद म्हणायचं."

सुरुवातीला तिचे फोन यायचे. तिथं एका मजूर कुटुंबाबरोबर तिला खोली दिली होती. खांबासाठी लोखंडाचा मोठा पिंजरा बांधतात, घराएवढा उंच, त्यात आत शिरून काम करायचं, असं ती सांगायची. कमरेला पट्टा बांधतात. एकदा तिनं फोटो पाठवला. पिंजऱ्याच्या मधोमध ती उभी, एक हात सळईला धरलेला, खाली कुठंतरी रस्ता. चेहरा इतका खूश की मी तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. आबांनाही दाखवला. ते म्हणाले, ही तर मेंढरं राखणारी हाय, कळपाच्या मधी उभी.

मग फोन कमी झाले. मला वाटलं काम वाढलं असेल. मी माझ्या कामात होते. परभणीत भाड्याची खोली घेतली होती, नव्या जगण्याची घडी बसवत होते.

एक दिवस पालमला गेले तेव्हा बाजारात तिचा नवरा दिसला. मी विचारलं, आपा कशी आहे तिकडं. तो म्हणाला, "तिकडं कुठं? घरी हाय की. झाले दिवस."

मी तशीच तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, आबांची विचारपूस केली. काय झालं ते मी दोनतीनदा विचारल्यावर तिनं सांगितलं. उस्ताद आजारी पडले आणि गावी निघून गेले. ज्या कुटुंबाबरोबर ती राहत होती तेही दुसऱ्या कामावर गेलं. खोली सुटली. मजुरांच्या छावणीत सगळे गडी, बायकांना वेगळी जागा नाही. तिथल्या साहेबांना तिनं सांगितलं, तर ते म्हणाले की तुमची सोय तुम्ही बघा, आम्ही एका बाईसाठी वेगळी खोली कुठून काढायची. नवा मुकादम आला. त्यानं तिला पिंजऱ्यातून काढून झाडायला आणि पाणी द्यायला लावलं. काही दिवस तिनं तेही केलं. एक रात्र तिनं रखवालदाराच्या बायकोच्या पायाशी झोपून काढली. सकाळी उठून रेल्वे स्टेशनवर गेली आणि आली.

"भांडली न्हाईस?" मी विचारलं.

"भांडले की. पण कुणाबरोबर भांडायचं? कुणी न्हाई म्हणतच नव्हतं. सगळे म्हणायचे, बघू."

मी परभणीला येऊन साहेबांना भेटले. त्यांना वाईट वाटलं. इकडं जवळपास दुसरं काम निघालं की तिला पहिली घेऊ, असं ते म्हणाले. मी ते तिला फोनवर सांगितलं. ती बरं म्हणाली. आणि मग काम निघायला इतका वेळ लागला की तिला थांब म्हणायचीही मला लाज वाटू लागली. मध्ये तिनं पालममध्येच घरं बांधणाऱ्यांकडं विचारून बघितलं. सळई बांधते, असं सांगितलं की ते हसायचे. एका घरमालकानं तोंडावर सांगितलं की बाईच्या हातानं बांधलेल्या छताखाली आम्ही झोपणार नाही. त्याच माणसाची बस रोज आपाच्या छताखाली थांबत होती. तिला शेवटी घमेलं मिळालं. बायका घमेलीच उचलणार, असं पारावर जो म्हणाला होता तो खरा ठरला. त्याला खरं ठरवायला आम्हाला मधली दोन वर्षं लागली.

गेल्या हिवाळ्यात परभणीला रेल्वेचं काम निघालं. नवा फलाट आणि त्यावरचा पादचारी पूल. पुन्हा तीच अट, गरीब आणि अल्पसंख्याक घरांतल्या माणसांना घ्यायचं, बायकांना घ्यायचं, शिकवायचं. साहेबांनी बायकांचा गट उभा करायचं काम माझ्याकडं दिलं. शिकवायला एक बाईच पाहिजे, असं मी सांगितलं आणि कोण ते मला ठाऊक होतं. यावेळी मी आधी राहण्याचं विचारून घेतलं. बायकांसाठी स्टेशनजवळ दोन खोल्या घ्यायला लावल्या, दाराला आतून कडी आहे का तेसुद्धा बघून आले. मग पालमला निघाले.

ती एका दुमजली घराच्या कामावर होती. स्लॅब टाकायचं काम चालू होतं. खाली मिक्सर थांबला होता, काहीतरी बिघडलं होतं, म्हणून बायका जिन्याच्या सावलीत बसल्या होत्या. आपा वाळली होती. अंगात तसाच पुरुषाचा शर्ट होता, डोक्यावर चुंबळ. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. शिकवायचं काम आहे, पगार मजुरीपेक्षा बराच जास्त आहे, खोली आहे, परभणी जवळ आहे, आठवड्याला घरी येता येईल. ती ऐकत होती. मध्येमध्ये वर, जिथं दोन पोरगेले गडी जाळी बांधत होते तिकडं बघत होती.

"ढिल्या मारायलेत," ती म्हणाली. "सांगितलं तर ऐकत न्हाईत."

"तू येशील ना?"

तिनं पदरानं मान पुसली.

"न्हाई गं."

मी पुन्हा सगळं सांगायला लागले. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मला कळलं तू काय सांगायलीस. तू खोटं बोलत न्हाईस. पण पूल झाला की मग काय? मग परत इथंच. तिकडून आले तवा बाजारात एकेकानं विचारलं, काय गं, मेट्रो बांधून झाली का. सासू सहा महिने बोलली न्हाई. पोरींना शाळेत चिडवायचे. ते सगळं सोसून हे घमेलं उचलायलेय. काम सोडायला मला काय वाटत न्हाई. माघारी यायची लाज वाटतीय. परत परत माघारी मी न्हाई येऊ शकत."

तिला द्यायला माझ्याकडं एक खोली होती, एक पूल होता. पुलानंतरचं काही माझ्याकडं नव्हतं, आणि ते साहेबांकडंही नव्हतं. स्टँड बांधताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की हे एवढंच आहे. सांगितलं असतं तरी आम्ही गेलोच असतो. पण आपानं मुलींना छत दाखवताना कदाचित जरा कमी हौसेनं दाखवलं असतं.

ती माझ्या खोलीबद्दल विचारत राहिली. स्वयंपाकाला गॅस आहे का, पाणी येतं का, एकटीला भीती वाटत नाही ना. लग्नाचं पुन्हा काही बघतेस का, असंही विचारलं. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, बघ, वय जातं. मग खाली मिक्सर सुरू झाला. ती उठली, चुंबळ नीट केली आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. घमेली हातोहात वर जाऊ लागली. मी थोडा वेळ बसले आणि मग निघाले, कारण दुपारनंतर परभणीची बस फार उशिरा होती.

साहेबांना मी सांगितलं की ती येत नाही. त्यांनी कारण विचारलं. घरची अडचण आहे, असं मी म्हणाले. खरं ते सांगायला बसलं तर बोलणं पुलानंतरच्या कामावर जाईल हे मला ठाऊक होतं. शिकवणारीची जागा मी काही दिवस तशीच ठेवली. मग सोनपेठकडची एक बाई मिळाली. तिनं कुठंतरी धरणाच्या कामावर सळई बांधलेली आहे. समजूतदार आहे, हळू बोलते, सगळ्यांना नीट दाखवते. गटातल्या बायकांना ती आवडते. त्यांच्यात दोघी मुसलमान मोहल्ल्यातल्या आहेत, काही धनगर वाड्यांवरच्या, एक नवरा गेलेली. त्या मला पूल झाल्यावर पुढं काय, असं विचारतात. मी त्यांना खरं सांगते की मला माहीत नाही. त्या ऐकतात आणि परत कामाला लागतात.